कापडावर पाय नाही

शनिवार, १४ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

नमस्कार. आम्ही इकडे ठीक आहोत, तूही ठीक असशील. 'पत्रास कारण की' लिहायचं नाही, कारण असलं तर ते आपलं आपण दिसतं, असं तू मला शिकवलंस. म्हणून थेट कारणाकडे येते.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की ऑपरेशननंतर खडूला चालता येत नाही. हे चूक आहे. खडूला चालता येतं. तो चालत नव्हता, आणि त्याचं कारण तू आहेस.

इथे तू चष्मा काढून कागद खाली ठेवशील, म्हणून घाईनं पुढचं लिहिते. हा ठपका नाही. नीट सगळं वाच, मग काय ते म्हण.

आणखी एक चूक. मी मागचा डावा पाय लिहिला होता. पाय उजवा आहे. मी त्याच्या समोर उभी राहून बघत होते आणि माझ्या डाव्या बाजूला जो दिसला तो लिहिला. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं, डॉक्टरांनी तुझं पत्र वाचून ऑपरेशन केलं नाही." चुकलेलं खोडायचं नाही, त्यावर एक रेघ मारायची आणि खाली बरोबर लिहायचं, हा तुझा नियम. पण पत्र तुझ्याकडे गेलंय. रेघ तूच मार.

तुझं उत्तर परवा मिळालं. चार वाक्यं. "त्याला उठता येत नसेल तर तो तुम्हाला जड होणार. जड झालेल्या कुत्र्याचं तुमच्याकडे काय होतं ते मला माहीत आहे. मी एक तारखेला गाडी घेऊन येते आणि त्याला घेऊन जाते. घरमालकिणीशी बोलले आहे." मी ती स्वयंपाकघरात उभ्यानं वाचली आणि कागद ओट्यावरच्या डब्याखाली सरकवला. बाबांना अजून दाखवलेला नाही. त्याबद्दल शेवटी लिहिते.

आधी खडूचं.

ऑपरेशन झाल्यावर त्याला घरी आणलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की गुळगुळीत फरशीवर चालू द्यायचं नाही, घसरला तर गुडघ्याचं शिवलेलं पुन्हा सुटेल. काहीतरी अंथरा आणि त्यावरून थोडं थोडं चालवा. आता बाबांना 'काहीतरी अंथरा' म्हणणं म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. त्यांनी दुकानाची पुढची खोली रिकामी केली. दोन खुर्च्या आणि एक उघडा पडलेला सोफा व्हरांड्यात काढला. खडूचा फोमचा तुकडा मधोमध ठेवला आणि भोवती भिंतीपासून भिंतीपर्यंत जाड करडं कापड पसरलं. नवा तागा फोडला. नुसतं पसरलं नाही, ताणलं. कडा चिकटपट्टीनं बसवल्या. "सुरकुती राहिली तर अडखळेल," म्हणाले. गिऱ्हाइकाच्या सोफ्याला इतकी सफाई मी कधी पाहिली नाही.

मग आम्ही वाट बघत बसलो.

खडू उठायचा, फोमच्या कडेपर्यंत यायचा, मान खाली घालायचा आणि परत बसायचा. गळ्यात ते प्लास्टिकचं नरसाळं, त्यामुळे मान खाली घातली की ते खरखर करत फोमवर आपटायचं. आई म्हणायची, "लागला रेडिओ." आम्ही हाका मारल्या, वाटी दाखवली, चेंडू दाखवला. तो नरसाळ्यातून बघायचा आणि रडल्यासारखा बारीक आवाज काढायचा. बाहेर नेताना बाबा त्याच्या पोटाखालून टॉवेल घालायचे, पुढून मी धरायचे आणि आम्ही त्याला उचलून अंगणात ठेवायचो. अंगणात तो पाय जेमतेम टेकवायचा, काम उरकायचा, की परत उचल. बाबांची कंबर गेली. त्यांनी ती गेली असं म्हटलेलं नाही, पण खुर्चीतून उठताना भिंतीला हात लावतात.

मी मनात सगळ्या शक्यता मांडल्या. शीर दुखावली असेल. भूल जास्त झाली असेल. टाके आतून सुटले असतील. त्याच मनःस्थितीत मी तुला मागचं पत्र लिहिलं. पाठवायच्या आधी दोनदा वाचलं, आणि तरीही डावा पाय तसाच गेला.

बाबा दुकानातच झोपत होते, त्याच्या शेजारी, कापडाच्या कडेला. आईनं ते बघून काही दिवस तोंड आवरलं, मग एका सकाळी चहा ओतता ओतता म्हणाली, "माझं अपेंडिक्स काढलं तेव्हा हे गृहस्थ सोफा पोचवायला गेले होते."

"दिलेली तारीख होती," बाबा म्हणाले.

"माझीही तारीखच होती."

तपासणीला गेलो तेव्हा गंमत झाली. दवाखान्याची फरशी खरबरीत दगडाची आहे. बाबांनी खडूला टेबलावरून खाली ठेवलं आणि ते डॉक्टरीणबाईंना सांगायला लागले की तो एक पाऊल टाकत नाही. त्या ऐकून घेत होत्या, पण बघत होत्या बाबांच्या पाठीमागे.

"कोण म्हणतं चालत नाही?"

"मीच म्हणतोय."

"मग हे कोण चाललंय?"

खडू लंगडत, पण चारही पायांवर, वजनकाट्याचा वास घेत फिरत होता. उजवा पाय हळूच टेकवत होता, पण टेकवत होता.

"घरी नाही चालत," बाबा म्हणाले.

"घरी असं काय वेगळं आहे?"

"घरी आम्ही त्याची सगळी काळजी घेतो."

"थोडी कमी घ्या," त्या म्हणाल्या.

 घरी आणून त्याला फोमवर ठेवलं. तो कडेपर्यंत आला, मान खाली घातली आणि बसला. आई म्हणाली, "नाटकी आहे. तुमच्या घराण्याचं वळण."

आता परवाचं. तुझं पत्र सकाळी आलं आणि हे दुपारी झालं. दाताचे डॉक्टर आहेत ना, ज्यांच्या दवाखान्यातल्या खुर्च्या आपल्याकडे येतात, ते दुरुस्तीला दिलेल्या खुर्च्यांची चौकशी करायला आले. बाबा जमिनीवर खडूच्या पाठीला तेल लावत बसले होते. डॉक्टर दारातच थबकले. "दुकान चालू आहे का?"

"चालू आहे. हळू बोला."

त्यांच्या खुर्च्यांना तेच करडं कापड लागणार होतं. ते गेल्यावर बाबांनी डाव्या बाजूची चिकटपट्टी सोडवली, मी पलीकडचं टोक धरलं, आणि आम्ही लागेल तेवढा पट्टा कापून बाजूला घेतला. फोमपासून भिंतीपर्यंत, आणि भिंतीच्या कडेनं पाण्याच्या भांड्यापर्यंत फरशीची एक चिंचोळी वाट उघडी पडली.

खडू उठला. त्यानं त्या वाटेकडे पाहिलं आणि चालायला लागला. भिंतीशी काटकोनात वळला. एका ठिकाणी वाट फारच अरुंद होती, तिथे त्यानं एका पायापुढे एक पाय असं टाकलं, मांजर कठड्यावरून जातं तसं. नरसाळं भिंतीला घासत होतं. भांड्यापाशी पोचला आणि पाणी प्यायला. किती तरी वेळ पीत होता.

"बाबा, तो चालतोय."

"दिसतंय."

"आणि कडेकडेनं."

बाबांनी हातातली कैची खाली ठेवली. तळहात कापडावर टेकवला, मग शेजारच्या फरशीवर टेकवला, मग पुन्हा कापडावर. "अरे," म्हणाले, "कापड." आणि हसायला लागले. असे हसले की त्यांना बसावं लागलं. आई आतून आली, तिला वाटलं कुणी पडलं. "कापडावर पाय नाही," एवढंच ते सांगू शकले. तिनं खोलीकडे बघितलं, फोमच्या तुकड्याकडे बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे इतके दिवस तुम्ही या मुक्या जिवाला समुद्रात बेटावर बसवलं होतंत. आणि वर हाका मारत होतात, ये ये."

आत्या, तू हे वाचताना हसलीस का? मला हे खरंच जाणून घ्यायचंय.

मला सगळं आठवलं. खडूला आणलं तेव्हा तो बाबांच्या चपलेत मावायचा. पहिल्याच दिवशी त्यानं आखणीचा खडू खाल्ला आणि नावाचा प्रश्न सुटला. कटिंगचं टेबल आखूड आणि सोफ्याचं कापड लांब, म्हणून मोठं काम जमिनीवर. एका टोकाला तू, एका टोकाला बाबा, आणि मध्ये ओल्या पायांनी पळणारा हा. फिकट पिवळ्या कापडावर त्याची पावलं उमटली तेव्हा बाबा म्हणाले होते, "हा राहणार असेल तर मी राहत नाही." तू म्हणालीस, "जा तू. त्याला शिकवणं सोपं आहे."

तू जमिनीवर एक रुमाल टाकायचीस आणि पलीकडे त्याची वाटी ठेवायचीस. तो रुमालावरून आला की वाटी वर. वळसा घालून आला की वाटी खाली. ओरडणं नाही, फटका नाही. एकच वाक्य, तेही कानात सांगितल्यासारखं: कापडावर पाय नाही. रुमालाची चादर झाली, चादरीचा तागा झाला. आपली म्हातारी कुत्री, टाचणी, कोपऱ्यात पडून हे सगळं बघायची. तिला तू हे तिच्या लहानपणी शिकवलेलं होतं, त्यामुळे खडू चुकला की ती नाकातून हवा सोडायची, वरच्या वर्गातल्या मुलीसारखी.

मलाही तू असंच शिकवलंस. शाळेच्या फाटकाचे गज धरून मी रोज अर्धा तास रडायचे, आणि आई कामाला उशीर होतो म्हणून रडकुंडीला यायची, तेव्हा तू म्हणालीस, "दोन वर्षं राहू दे घरी. शाळा कुठे पळून जात नाही." माझी शाळा म्हणजे तुझं मशीन, त्याच्या शेजारचं स्टूल आणि टेबलाखाली माझ्या पावलांवर झोपलेली टाचणी. अर्धा, पाव, अष्टमांश मी कापडाच्या घड्यांवर शिकले. अजूनही अपूर्णांक आला की मला अस्तराचा वास येतो. पाढे म्हणताना मी सतराच्या पाढ्यात अडकले की टाचणी उठून जायची. तू म्हणायचीस, "बघ, तिलाही पुढचं येतं, तुझी लाज राखायला सांगत नाही." मी प्रत्येक उत्तरावर "पण हे नक्की बरोबर आहे का?" विचारायचे, म्हणून तू मला शंकाबाई म्हणायला लागलीस, आणि ते नाव शाळेत गेल्यावरही सुटलं नाही.

आणि ती पत्रं. रोज एक पत्र लिहायचं, घरातल्याच कुणाला तरी. मी बाबांना लिहायचे आणि भिंतीपलीकडे दुकानात नेऊन द्यायचे. ते हातातलं काम ठेवून वाचायचे आणि अस्तराच्या तुकड्यावर खडूनं उत्तर लिहून द्यायचे. 'चि. शंकाबाईस आशीर्वाद. तुझं पत्र पावलं. अक्षर सुधारलं आहे. तहान लागली आहे, पाणी आण. तुझे वडील.' संध्याकाळपर्यंत खडू पुसला जायचा. त्यातलं एकही उरलं नाही. तेव्हा वाटायचं, उद्या आणखी एक येणारच आहे.

विषय सोडून लिहितेय, कळतंय मला.

तर, खडूला चालता येतं हे कळल्यावर वाटलं, सुटलो. पण त्याच संध्याकाळी तो त्या उघड्या फरशीवरून परत येत असताना उजवा पाय घसरला आणि तो कळवळला. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, शिवण सुटलेली दिसत नाही, पण पुन्हा घसरायला नको. आणि चालायला तर हवंच, दिवसातून पाच-सहा वेळा, नाहीतर मांडी वाळत जाईल, आणि वाळलेली मांडी भरून यायला फार वेळ लागतो, कधीकधी येतच नाही. म्हणजे फरशीवर चालायचं नाही आणि न चालूनही भागायचं नाही. रबराच्या मॅट आणून घातल्या. तो त्यांच्याकडेही तसंच बघतो. जे अंथरलंय ते कापड, असा त्याचा हिशेब. पोती घातली, तेच.

मी काल दिवसभर त्याला शिकवायचा प्रयत्न केला. कापडावर त्याच्या आवडीचे कलेजीचे तुकडे ठेवले. नरसाळ्याच्या कडेवरून लाळ गळत होती, पण त्यानं मान फिरवली. मी त्याचा पुढचा पंजा उचलून कापडावर ठेवला. तो थरथरायला लागला. पंजा उचलून धरून, मागच्या दुखऱ्या पायावर भार देऊन तसाच उभा राहिला. एरवी उडी मारून माझ्या हातातली पोळी पळवणारा कुत्रा. माझ्याकडे असा बघत होता, जणू परीक्षेत मीच त्याला कॉपी करायला सांगतेय.

बाबा दारातून बघत होते. "सोड त्याला," म्हणाले.

"पण त्याला चालायला हवंय."

"ताईनं शिकवलंय ते. आपण मोडायचं नाही."

"मग काय करायचं?"

"तिनं मोडावं. नाहीतर आपण मोडू का, हे तिला विचारावं."

मी म्हटलं, "तुम्हीच विचारा."

ते खडूशेजारी बसले. त्याच्या कानामागे खाजवत राहिले. मग म्हणाले, "मी विचारलं होतं."

आत्या, आता खरी चूक दुरुस्त करते. उजव्या-डाव्याची नव्हे.

मी तुला लिहिलं होतं, 'आम्ही ऑपरेशन करायचं ठरवलं.' असं झालं नव्हतं. सोफा उतरवताना खडू टेम्पोतून उडी मारून खाली आला आणि पाय धरून बसला, इथपर्यंत मी लिहिलंय ते खरं आहे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, लिगामेंट तुटलंय. ऑपरेशन न करता ठेवलं तर लंगडत जगेल. करायचं तर भूल द्यावी लागेल, आणि त्याच्या हृदयाचा ठोका त्यांना थोडा वेडावाकडा वाटत होता. त्या म्हणाल्या, तुम्ही ठरवा. बाबा म्हणाले, "कुत्रा माझा नाही. माझ्या बहिणीचा आहे. तिला विचारतो."

त्यांनी तुला त्यांच्या फोनवरून फोन केला. तू त्यांचा फोन उचलत नाहीस हे त्यांना माहीत होतं. तरी केला. दवाखान्याच्या पायरीवर बसून पुन्हा केला. मी म्हटलं, माझ्या फोनवरून करू का? म्हणाले, "नको. विचारायचं मला आहे." दुपार अशीच गेली. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, आज करायचं असेल तर आत्ता, नाहीतर तो उद्यापर्यंत दुखण्यात राहील. तेव्हा त्यांनी सही केली. सही करताना म्हणाले, "पुन्हा तेच झालं."

मी हे तुला लिहिलं नाही, कारण मला वाटलं, फोन उचलला नाही म्हणून तू स्वतःला लावून घेशील. म्हणून मी 'आम्ही' लिहिलं. 'आम्ही' लिहिलं की कुणाच्याच अंगाला लागत नाही. पण त्याचा अर्थ तू काय घेतलास ते तुझ्या चार वाक्यांत दिसलं: पुन्हा मला न विचारता. मी तुला वाचवायला गेले आणि बाबांना बुडवलं.

टाचणीचा विषय काढायचा नाही असं तू निघताना म्हणाली होतीस. मी एकदाच काढते. तुझ्या मैत्रिणीकडे तू दोन दिवस गेली होतीस. टाचणी आदल्या आठवड्यापासून उठत नव्हती. बाबांनी डॉक्टरांना घरी बोलावलं आणि तू यायच्या आत सगळं संपवलं. तू आलीस तेव्हा तिचा फोम धुऊन उन्हात टाकलेला होता. तू तो बघितलास आणि पिशवीसुद्धा खाली ठेवली नाहीस.

"मला विचारायला हवं होतंस."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणूनच विचारायचं असतं."

त्यानंतर या घरात कुणीच कुणाशी मोठ्यानं बोललं नाही. महिन्याभरानं तू तिकडच्या कपड्यांच्या कारखान्यात कटिंगचं काम घेतलंस आणि गेलीस. भाड्याच्या खोलीत कुत्रा चालत नाही म्हणून खडू राहिला. तू त्याला फाटकापाशी सांगितलंस, "बस," आणि तू गेल्यावर तो अंधार पडेपर्यंत तिथे बसून होता, कारण 'ऊठ' म्हणायला कुणी नव्हतं. हे मी तुला याआधी सांगितलेलं नाही.

बाबा बरोबर होते असं मी म्हणत नाही. टाचणीला वेदना होत होत्या हेही खरं आणि तुला विचारायला हवं होतं हेही खरं. मला यातली एक बाजू निवडायला कुणी सांगितलं की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते, अजूनही. मी फक्त एवढंच सांगतेय की या वेळी त्या माणसानं विचारलं. विचारायला त्याला दोन वर्षं लागली, आणि नेमका कुत्र्याचा पाय मोडावा लागला.

त्यांची गोष्ट निघालीच आहे तर आणखी एक. मोठं कापड कापताना ते दुसऱ्या टोकावर इस्त्री ठेवतात. थंड इस्त्री, वजन म्हणून. मी टोक धरायला गेले तर म्हणतात, "तू तुझं काम कर." परवाच काय ते मला धरू दिलं. तुम्ही दोघं कापायचात तेव्हा तासन्तास दोनच शब्द ऐकू यायचे, "धर" आणि "सोड". मी मशीनजवळच्या स्टुलावर अभ्यास करत ते ऐकायचे आणि मला वाटायचं, सगळ्या घरांत मोठी माणसं अशीच बोलतात. आता दुकानातून कैचीचा आवाज येतो, इस्त्री उचलल्याचा आणि ठेवल्याचा येतो. बोलण्याचा येत नाही. आई टोमणे मारते ते बहुधा घरात आवाज राहावा म्हणून.

आता तुझ्या चार वाक्यांबद्दल.

एक तारखेला तू गाडी घेऊन आलीस तर खडू तुझ्याबरोबर येईल. तू 'चल' म्हटल्यावर तो टाके ओले असतानाही येईल. घरमालकिणीनं हो म्हटलंय, म्हणजे तो तुझ्याकडे राहीलही. पण त्याचा फोम गेला की मग तुझं या घरात काही उरणार नाही, आणि तू पुन्हा येणार नाहीस. हे तू लिहिलेलं नाहीस. मला ते तुझ्या अक्षरात दिसलं, आणि चुकत असेन तर मला चुकायला आवडेल.

म्हणून मी काय मागतेय ते स्पष्ट लिहिते. त्याला न्यायला येऊ नकोस. त्याला शिकवायला ये. त्याच्यासमोर जमिनीवर बस, कापडावर हात ठेव आणि त्याला सांग की आता चालेल. ते फक्त तुझ्याच तोंडून त्याला खरं वाटेल. बाबा तुला दारात काय म्हणतील ते मला माहीत नाही. कदाचित 'ये' म्हणतील आणि कैची शोधायला आत जातील. तुला तेवढं पुरेल का, हेही मला माहीत नाही.

आणि हे सगळं खडूसाठी मागतेय असं लिहिलं तर पत्रात आणखी एक चूक राहील. खडूला अंगणात उचलून नेता येईल, आणखी दोन महिने लागतील, बाबांची कंबर पुरती जाईल, पण जमेल. तू मला हवी आहेस. तू गेल्यापासून मी प्रत्येक गोष्ट पुन्हा पुन्हा तपासते, गॅस, कुलूप, दिलेली उत्तरं, आणि 'झालं, बरोबर आहे, पुढे चल' असं म्हणणारं कुणी नाही. चोवीस वर्षांच्या मुलीनं हे लिहावं का, माहीत नाही. लिहिलंय. खोडत नाही.

तुझं पत्र आज रात्री जेवताना बाबांना वाचून दाखवणार आहे, आणि मी तुला काय लिहिलं तेही सांगणार आहे. दोघांनाही सगळं माहीत असलेलं बरं. हे पत्र तुला मंगळवारपर्यंत मिळेल. बुधवारी खडूचे टाके काढायचे आहेत, ते होईपर्यंत मला हलता येणार नाही. तुमच्या कारखान्याला गुरुवारी सुट्टी असते. सकाळी सातची बस आहे. इतका प्रवास मी एकटीनं कधी केलेला नाही हे तुला माहीत आहे, म्हणून 'कशाला त्रास घेतेस' असं उलट टपाली लिहू नकोस. ते मला मिळेपर्यंत मी निघालेली असेन. मी दारात उभी राहून तुला घरी चल म्हणेन. तू नाही म्हणालीस तर चहा पिऊन परत येईन, आणि पुन्हा कधी विचारायचं ते ठरवेन.

आईचा नमस्कार. ती म्हणतेय, "वन्संना लिही, तुमच्या विद्यार्थ्यानं माझी सगळी पोती वाया घालवली."

गुरुवारी, एकोणीस नोव्हेंबरला, तुझ्या दारात येणारी,

शंकाबाई